साळू नावाचा ब्रश

मित्रांनो, मी कोण हे सांगण्याआधी हसणार नाही असं कबूल करा. नाही केलंत तरी चालेल, मला सवय आहे. मी एक जुना संडास घासायचा ब्रश आहे. काळा, गोल, चारी बाजूंनी ताठ काटे असलेला. झालं, सांगून टाकलं. आता तुम्ही नाकाला रुमाल लावायच्या आत दुसरी गोष्टही सांगतो. ज्या कामासाठी मला घडवलं, ते काम मी आयुष्यात एकदाही केलेलं नाही. पण हे मी कुणाकुणाला पटवत बसू? माझा आकार बघितला की लोक काय ते समजून घेतात आणि मी मान खाली घालतो. मला मान नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. शेजारच्या यंत्रातून फळं ठेवायच्या रंगीत टोपल्या बाहेर पडायच्या. त्यांचं आणि माझं प्लास्टिक एकाच पोत्यातलं. पण टोपल्यांना कागदात गुंडाळून खोक्यात निजवत आणि आम्हाला गोणीत कोंबत. आपलं काहीतरी चुकलंय असं मला तेव्हापासूनच वाटू लागलं. काय चुकलंय ते मात्र कुणी सांगितलं नाही.

तिथून मी एका मोठ्या दुकानात आलो. नळ, बेसिनं, आरसे, फरशा यांचं ते दुकान. नळांसाठी दिवे लावलेली काचेची कपाटं होती. आम्ही मागच्या कोपऱ्यात, सगळ्यात खालच्या फळीवर. नळ मागताना लोकांचा आवाज खणखणीत असायचा. आम्हाला मागताना तो एकदम पडायचा. "तो... हा... घासायचा... आहे का हो?" असं इकडेतिकडे बघत विचारायचे. दुकानात वर्षानुवर्षं काम करणारे एक विक्रेते होते. ते लगेच समजायचे आणि ब्रश वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळून द्यायचे, म्हणजे रस्त्याने नेताना गिऱ्हाइकाची पंचाईत होऊ नये.

एके दिवशी त्याच विक्रेत्यांनी मला उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि स्वतःच्या पिशवीत जेवणाच्या डब्याखाली दडपलं. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं की ते पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचे. आता आपलं खरं काम सुरू होणार, या विचाराने मी अंग चोरून बसलो होतो.

घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन आणि भिंतीला लागून काचेची एक मोठी पेटी, तिच्यात खारं पाणी आणि पाण्यात दोन मासे. मशीनवर विक्रेत्यांच्या पत्नी बसल्या होत्या, ओठांत टाचण्या धरून. त्या लोकांचे कपडे शिवायच्या. मी त्यांना बाई म्हणतो आणि त्यांच्या नवऱ्याला यजमान. बाईंनी मला वर्तमानपत्रातून काढलं, दिव्याखाली धरलं आणि टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक माझ्या अंगावरून फिरवलं.

"तार नाही ना आत?" यजमानांनी विचारलं.

"नाही. तार असती तर खाऱ्या पाण्यात गंजली असती आणि माशांना बाधली असती. हा चालेल."

"अगं, पण लोक काय म्हणतील? बैठकीच्या खोलीत हा?"

"लोकांना पिल्लं होणार आहेत का? माशांना होणार आहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी करवतीने माझा दांडा कापून टाकला.

इथे तुम्हाला त्या माशांबद्दल सांगायला हवं. ते कार्डिनल मासे. रुपेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, पंखांवर पांढरे ठिपके, आणि सदा काहीतरी विचार करत असल्यासारखे एका जागी तरंगणारे. यांच्यात मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. तोंड मिटून घेतो तो जवळजवळ महिनाभर उघडत नाही. अंडी फुटली तरी पिल्लं तोंडातच. तेवढे दिवस तो अन्नाला शिवत नाही. मी येण्याआधी एकदा नराने असंच खाणं सोडलं, तेव्हा बाईंना हे ठाऊक नव्हतं. तो आजारी आहे असं वाटून त्यांनी त्याला जाळीने पकडलं आणि औषधाच्या पाण्यात सोडलं. घाबरून त्याने सगळी अंडी थुंकून टाकली. बाईंनी ती नारिंगी अंडी तळाशी विखुरलेली पाहिली आणि मगच त्यांना उमगलं. त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या हातून शिवण उसवत होती, म्हणे.

मग माशांच्या दुकानदाराने त्यांना समजावलं. नराला हात लावायचा नाही. आणि पिल्लं बाहेर पडली की त्यांना लपायला जागा हवी, नाहीतर त्यांची आईच त्यांना खाते. तिला ती आपली म्हणून कळत नाहीत, हलणारं ते खाणं एवढंच कळतं. समुद्राच्या तळाशी लांब काळ्या काट्यांचा गोळ्यासारखा एक प्राणी बसलेला असतो, त्याच्या काट्यांत ही पिल्लं राहतात. तसा प्राणी सांभाळणं बाईंना झेपणारं नव्हतं. त्यांनी यजमानांना विचारलं, "लांब काट्यांचं, गोल, काळं, प्लास्टिकचं असं काही असतं का हो?" आणि यजमानांना दुर्दैवाने मी आठवलो.

गरम पाण्यात आणि मग खाऱ्या पाण्यात कितीतरी दिवस भिजवून बाईंनी मला पेटीच्या कोपऱ्यात, दगडांच्या खाचेत बसवलं. काट्यांवरून माझं नाव ठेवलं साळू. नाव गोड होतं, पण नावाने रूप थोडंच बदलतं? पेटी दाराच्या अगदी समोर. येणारा प्रत्येक जण आधी माशांना बघायचा, मग मला. शेजारच्या काकूंनी तर पदराआडून हसत विचारलं, "काय गं, यात कमोड कुठे बसवणार?" यजमानांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "शोभेचं आहे ते, परदेशी." मला खोटं ठरवून का होईना, पण त्यांनी बाजू सावरली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा सुंदर पाण्यात, अशा सुंदर माशांशेजारी माझं काय काम, हा विचार सुटत नव्हता.

बाईंचं मात्र पेटीवर फार लक्ष. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साधं गाळलेलं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. झाकणावर जमलेली मिठाची खपली पुसायची. खारटपणा खुणा केलेल्या काचेच्या नळीने मोजायचा. पाणी बदलायचं असेल तर बादलीत मीठ विरघळवून ते आदल्या दिवशीच तयार ठेवायचं. हे सगळं मशीनच्या दोन शिवणींमध्ये चाललेलं असायचं. "अहो, बघा, आज मादीचा रंग कसा उजळलाय," असं म्हणून त्या यजमानांना हाक मारायच्या आणि यजमान हातातलं सोडून बघायला यायचे. त्यांनाही मासे आवडायचे. माझ्याकडे बघायचं तेवढं ते टाळायचे.

आणि एके दिवशी नराने पुन्हा तोंड मिटलं. त्याची हनुवटी फुगली. बाईंनी त्याच्याकडे बघून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. या वेळी कुणी जाळी काढली नाही. तो दिवसेंदिवस वाळत गेला, बाजूने बघितलं तर पोट खपाटीला. तरी समोर पडलेलं खाणं त्याच्या नाकावरून जायचं आणि तो ते जाऊ द्यायचा. अधूनमधून तो किंचित जांभई देई, तेव्हा आत चकाकणारे डोळे दिसायचे. इकडे बाईंनी उलट्या बाटलीत बारीक कोळंबीसारखे जीव वाढवायला घेतले, पिल्लांच्या खाण्यासाठी. पिल्लांसाठी छोटी वेगळी पेटीही भरून ठेवली होती, पण नवं पाणी मुरायला वेळ लागतो, तोवर भिस्त माझ्यावर.

मग पिल्लं बाहेर आली. बापाची हुबेहूब नक्कल, तेच पट्टे, पण नखाएवढी. क्षणभर ती गोंधळली आणि मग सगळीच्या सगळी माझ्याकडे आली. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन माझ्याकडे आलं होतं. ती काट्यांत शिरली, प्रत्येकाने आपापला काटा धरला आणि शांत झाली. मादी आली, माझ्याभोवती फिरली आणि परत गेली. मला आनंद झाला असं तुम्ही म्हणाल. झाला. पण त्याहून जास्त लाज वाटली. त्या बिचाऱ्यांना मी समुद्रातला कुणी वाटत होतो. मी कोण आहे हे त्यांना कळलं असतं तर?

बाई दिवसातून अनेकदा खुर्ची ओढून बसायच्या आणि नळीने पिल्लांना खाऊ सोडायच्या. एवढी हसरी बाई मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

अशात यजमानांच्या दुकानाचे मालक घरी चहाला येणार असं ठरलं. दुकानाची दुसरी शाखा निघत होती. तिथला मॅनेजर कोण होणार याची चर्चा होती आणि यजमानांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी खुर्च्यांचे पाय पुसले, पडदे झटकले, कप धुऊन पुन्हा धुतले. बाई तयार झालेला कोट गिऱ्हाइकाला द्यायला खाली गेल्या. यजमान पेटीपुढे उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मालक मला ओळखणार होते. त्यांच्याच दुकानातला मी.

यजमानांनी बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. वाईट माणूस नव्हता तो. मला आधी हळूहळू हलवलं, पिल्लं निघावीत म्हणून. काही निघाली, काही काट्यांत आणखी आत गेली. "फक्त चहापुरतं हं," ते पुटपुटले. मग त्यांनी पातेल्यात पाण्यासकट मला उचललं आणि बाथरूममध्ये नेलं. तिथे बाईंनी कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याची बादली होती. तिच्यात मला सोडून त्यांनी दार लोटलं. बादली होती कमोडशेजारी. आयुष्यभर जी जागा चुकली म्हणून मी मनातून सुटकेचा श्वास टाकत होतो, तिथेच शेवटी येऊन बसलो.

बाहेर बेल वाजली. बाईही मालकांबरोबरच जिन्यावरून वर आल्या असाव्यात, कारण सगळ्यांचे आवाज एकदम आले. भिंत पातळ होती. मला सगळं ऐकू येत होतं.

"वा! काय मासे आहेत हो वहिनी! मला तर वाटलं एखाद्या हॉटेलातच आलो."

"या ना, बसा," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांचा आवाज थांबला. त्यांची नजर पेटीच्या कोपऱ्याकडे गेली असणार. तिथे दगडांत नुसती खाच होती.

कपबश्या वाजल्या. यजमान नव्या फरशांबद्दल भराभरा बोलू लागले. मधेच मालक म्हणाले, "अरे, ही मोठी किती चपळ आहे! गपकन काहीतरी गिळलं बघा तिने."

कुणाचा तरी चमचा बशीत खणकन पडला.

"खाणं टाकलंय का आत्ता?"

"हो," यजमान म्हणाले. "टाकलंय."

मित्रांनो, तिथे एक चांगलं घर होतं, चांगली माणसं होती, आणि सगळी शिष्टाचाराने गप्प बसली होती. बाईंच्या तोंडालाही कुलूप लागलं होतं. नवऱ्याची इतक्या वर्षांची नोकरी समोरच्या खुर्चीत बसून चहा पीत होती. इकडे बादलीतलं पाणी पेटीतल्यापेक्षा गार होतं. माझ्या काट्यांतली पिल्लं सुस्तावत चालली होती. मला हाक मारता येत नव्हती.

"अहो," शेवटी बाईंचा आवाज आला, "साळू कुठे आहे?"

"साळू कोण? मुलगी का तुमची?" मालकांनी विचारलं.

"साळू म्हणजे... शेजारची मांजर," यजमान म्हणाले. "असेल इथेच कुठेतरी. बिस्किट घ्या ना."

"आणखी एक! भूक जबरदस्त आहे हो हिची!" मालक हसले.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. बाई उभ्या राहिल्या होत्या. "मांजर नाही," त्या म्हणाल्या. "संडासाचा ब्रश. कुठे ठेवलाय तो सांगा, लवकर."

"कसला ब्रश? अगं, काय बोलतेस? आपल्याकडे तसला काही ब्रश नाही."

मी ऐकलं. मला दुकानात गुंडाळणाऱ्या, पिशवीत दडवणाऱ्या, परदेशी म्हणवणाऱ्या त्या माणसाने मी मुळी नाहीच असं सांगून टाकलं. मला राग आला नाही. मला वाटलं, बरोबरच आहे, मी आहे हे कुणी कशाला कबूल करेल?

दार धाडकन उघडलं. बाईंनी बादलीत बघितलं, मला बघितलं, माझ्या काट्यांतले डोळे बघितले. जवळचं पातेलं बुडवून त्यांनी मला पाण्यासकट आत घेतलं आणि बैठकीच्या खोलीतून, मालकांच्या बुटांवर पाणी सांडत, पेटीपाशी नेलं. गार पाण्यातली पिल्लं अशी एकदम उबदार पाण्यात सोडायची नसतात, हे त्यांना माहीत होतं. हळूहळू सवय लावायला हवी. पण पेटीत उरलेली पिल्लं काचेच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी होती आणि मादी त्यांच्या समोर होती. बाईंनी डोळे मिटले आणि मला धरलेला हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला.

कोपऱ्यातली पिल्लं बाणासारखी माझ्यात घुसली. माझ्यातली काही मात्र काटा सोडून तळाशी गेली, थरथरली आणि आडवी पडली. काही वेळाने त्यातली एक-दोन सावरली. बाकीची सावरली नाहीत. सकाळी होती त्याच्या निम्मीही आता नव्हती.

मालकांनी कप खाली ठेवला, ते काचेजवळ आले आणि वाकून मला न्याहाळू लागले.

"हा आपल्याच दुकानातला ना?"

बाई म्हणाल्या, "हो."

मालकांनी मान हलवली. "आमच्या घरी पांढरा आहे," ते म्हणाले.

मग तो जाडजूड माणूस सरळ फरशीवर मांडी घालून बसला. पिल्लं काय खातात, ती आत का राहतात, सगळं विचारत राहिला. आपण मघाशी कशाला हसलो हे समजल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मला सांगायचं तरी," एवढंच ते म्हणाले. निघताना दारात त्यांना आठवलं. "अरे हो, ज्यासाठी आलो तेच राहिलं. नवी शाखा तुम्हीच बघायची. ते तर केव्हाचंच ठरलंय." यजमानांनी आभार मानले. त्यांची नजर पायांवर होती.

बाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेलेली पिल्लं त्यांनी जाळीने गोळा केली, पाणी बदललं आणि मशीनवर जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांनी यजमानांना पेटीपाशी कधी हाक मारली नाही. वाचलेली पिल्लं नव्या पेटीत गेली, मोठी झाली, पण त्यांनी एकदाही "बघा" म्हटलं नाही. यजमान मॅनेजर झाले, गळ्यात टाय आला. घरी आले की ते पेटीकडे पाठ होईल अशा खुर्चीत बसायचे. मी लाजेत मुरलेला आहे मित्रांनो, मला दुसऱ्याची लाज चटकन ओळखू येते. त्यांची लाज आता माझ्याबद्दलची नव्हती. ती त्यांना जेवताना, वाचताना, टाय सोडताना सगळीकडे गाठत होती आणि तिला गुंडाळायला वर्तमानपत्र पुरत नव्हतं.

असे कितीतरी महिने गेले. मग एका सुट्टीच्या दिवशी यजमान पाणी प्यायला उठले आणि पेटीसमोर थबकले. बराच वेळ उभे राहिले.

"नराने आज खाल्लं नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई मशीनवरून म्हणाल्या.

"काल?"

"कालही नाही."

यजमान घुटमळले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "काट्यांवर फार शेवाळ धरलंय. साफ करून ठेवू का? पेटीतल्याच पाण्यात. साबण लावणार नाही."

मशीन चालू राहिलं. यजमानांनी पातेल्यात पेटीतलं पाणी घेतलं, मला त्यात ठेवलं आणि दात घासायचा एक जुना ब्रश घेऊन बाहेरच्या सामाईक गॅलरीत बसले, जिथून सगळा मजला ये-जा करतो. दार उघडंच होतं. ते एकेक काटा घासू लागले. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर जिना उतरत होते, ते थांबले.

"काय मॅनेजरसाहेब, सुट्टीच्या दिवशी काय धुताय?"

यजमानांचे कान लाल झाले. हात थांबला. मी वाट बघत होतो, परदेशी म्हणतात की मांजर म्हणतात.

"संडासाचा ब्रश आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितलं. "संडासाचा ब्रश. आमच्या माशांची पिल्लं यात राहतात. मागच्या वेळी मी हा काढून ठेवला होता, तर मेली."

मास्तर खाली गेले. आतलं मशीन थांबलं होतं. बाई उंबऱ्यापाशी आल्या, ओठांतल्या टाचण्या त्यांनी काढून हातात घेतल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हळू घासा. काटे मोडतील."

मित्रांनो, आता मी खूप जुना झालोय. माझी लाज गेलेली नाही. दारातून नवीन माणूस आलं की अजूनही वाटतं, दगडांत आणखी थोडं आत सरकता आलं असतं तर. तुम्हालाही कधी आपल्या घरातल्या एखाद्या वस्तूची लाज वाटेल, एखाद्या माणसाचीही वाटेल. वाटू द्या, तिला कुणी अडवू शकत नाही. फक्त तेवढ्यासाठी ते उचलून नजरेआड करण्याआधी एकदा वाकून बघा, त्याच्या आधाराने कुणी राहत तर नाही ना. पाहुणे चहा पिऊन निघून जातात. पिल्लांना तिथेच राहायचं असतं.